लाल फीत

लाल फीत : सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांतील नियमांचा अतिरेक, कागदपत्रांची अवाजवी मागणी आणि त्यांमुळे निर्णयास होणारा विलंब यांचा निर्देश करणारा वाक्प्रचार. ‘लालफीतशाही’ हे त्याचे भाववाचक रूप असून ‘दप्तरदिरंगाई’ हा त्याच्या जवळचा, पण वेगळ्या घडणीचा शब्द आहे. कागदपत्रांचे गठ्ठे बांधण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या तांबड्या फितीवरून हा वाक्प्रचार प्रथम इंग्रजीत रूढ झाला व इंग्रजी कारभाराबरोबर मराठीत आला. तथापि त्यामागील अनुभव महाराष्ट्राला नवा नव्हता. रुमाल, बासन आणि दप्तर हे शब्द त्यापूर्वीच कागदांच्या बंदोबस्ताचे आणि त्यांतील अडवणुकीचे वाचक झाले होते. कागद बांधून ठेवण्यामागील मूळ हेतू पुरावा सांभाळण्याचा होता. तो बांधलेला गठ्ठा वेळेवर न उघडल्यामुळे फितीला दूषण लागले. या दोन्ही बाजू लक्षात घेतल्याखेरीज वाक्प्रचाराचा इतिहास नीट उलगडत नाही. नवी मुंबई प्रकल्पाच्या क्षेत्रातील करंजाडे (ता. पनवेल, जि. रायगड) व त्याच्या आसपासच्या गावांचा भूसंपादनानंतरचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

अर्थ व वापर : मराठीत लाल फीत या शब्दाबरोबर बहुधा ‘अडकणे’ हे क्रियापद येते. ‘वारसनोंद लाल फितीत अडकली, म्हणून भूखंडाचा ताबा लांबला’ किंवा ‘पूल मंजूर होऊन तीन पावसाळे लोटले, पण काम अजून लाल फितीतून सुटलेले नाही’ अशी वाक्ये रोजच्या बोलण्यात व वृत्तपत्रांत आढळतात. या रचनेत विलंब कोणी केला, हे सांगितलेले नसते. काम जणू आपोआप अडकते व कर्ता अदृश्य राहतो. कचेरीतील विलंबाचा नागरिकाला येणारा अनुभवही असाच असतो. प्रत्येक टेबलावरील कारकून आपले काम नियमाप्रमाणे झाल्याचे सांगतो आणि तरीही अर्ज पुढे सरकत नाही. ‘लालफीतशाही’ या रूपात मात्र दोष एका प्रकरणाकडून संपूर्ण पद्धतीकडे जातो. उदा., ‘लालफीतशाहीला कंटाळून त्याने कारखाना काढण्याचा विचार सोडून दिला’. लोकशाही, नोकरशाही या शब्दांच्या धर्तीवर हा शब्द घडला असून त्यात सत्ता फितीच्याच हाती असल्याचा उपरोध आहे.

याच अर्थक्षेत्रातील इतर वाक्प्रचारांच्या छटा भिन्न आहेत. ‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे एखादा प्रस्ताव वा अहवाल हेतुपुरस्सर बाजूला टाकणे, जसे ‘समितीचा अहवाल बासनात गुंडाळला’. येथे विलंब नसून न सांगितलेला नकार असतो. ‘कागदी घोडे नाचवणे’ यात पत्रव्यवहाराची धामधूम दिसते, पण प्रत्यक्ष काम होत नाही. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवणे ही ‘टोलवाटोलवी’ होय. त्यापायी माणसाला जे ‘खेटे घालावे’ लागतात वा ‘हेलपाटे’ पडतात, ते शब्द मुळात पायपिटीचे आहेत. ‘वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही’ या वाक्यात लाचेचा निर्देश आहे. ‘दप्तरी दाखल करणे’ याचा मूळ अर्थ कागद नोंदून जपून ठेवणे असा असला, तरी व्यवहारात तो ‘प्रकरण बंद करणे’ असा झाला आहे. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ या म्हणीत तर विलंब हीच कचेरीची नेहमीची गती मानलेली दिसते. यांपैकी लाल फीत या वाक्प्रचाराचा नेमका विषय नियमाच्या आधाराने होणारा विलंब हा आहे. लाच, आळस किंवा सूडबुद्धी यांना लाल फीत म्हणणे सैल ठरते. त्याचप्रमाणे आवश्यक असलेल्या प्रत्येक तपासणीला लालफीतशाही म्हणणे हाही या वाक्प्रचाराचा दुरुपयोगच होय.

शब्दांची व्युत्पत्ती : ‘फीत’ हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’ या शब्दावरून मराठीत आला. ‘दप्तर’ (दफ्तर) हा फार्सी-अरबीतून आलेला शब्द असून त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या ‘दिफ्थेरा’ या ग्रीक शब्दात आहे. लेखनासाठी कातड्याचा उपयोग होत असे, त्याची ही खूण होय. ‘दिरंगाई’ ही विलंब या अर्थाच्या ‘दिरंग’ या फार्सी शब्दावरून घडली. ‘रुमाल’ हाही फार्सी शब्द असून त्याचा मूळ अर्थ तोंड पुसण्याचे वस्त्र असा आहे. मराठी दप्तरखान्यात मात्र कागदांचा गठ्ठा बांधण्याचे चौकोनी कापड आणि पुढे तो गठ्ठाच असा अर्थ त्याला प्राप्त झाला. पोथ्या, वह्या किंवा कागद गुंडाळण्याच्या कापडास ‘बासन’ म्हणतात. यांवरून असे दिसते की, इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आला, तेव्हा त्याला सामावून घेणारी शब्दसृष्टी येथे तयारच होती. इंग्रजांच्या फितीची जागा येथे रुमालाने आधीच घेतलेली होती.

यूरोपातील उगम : इंग्लंडमध्ये कायद्याची व सरकारी कागदपत्रे तांबूस रंगाच्या फितीने बांधण्याचा प्रघात सतराव्या शतकापासून आढळतो. तेथील बॅरिस्टरांकडे येणारी कागदपत्रे आजही गुलाबी फितीने बांधलेली असतात. एकोणिसाव्या शतकात या फितीला उपहासाचा अर्थ चिकटला. टॉमस कार्लाइल या लेखकाने १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पत्रिकांतून सरकारी कारभारावर टीका करताना हा शब्द वापरला. चार्ल्‌स डिकिन्झ याच्या लिट्ल डॉरिट (१८५५–५७) या कादंबरीत, कोणतेही काम कसे करू नये याचेच शास्त्र बनविणाऱ्या एका काल्पनिक सरकारी खात्याचे चित्रण आहे. या लेखनाने वाक्प्रचाराला व्यापक प्रसिद्धी मिळाली.

पुढे समाजशास्त्रज्ञांनी या विषयाचा तात्त्विक विचार केला. माक्स वेबर (१८६४–१९२०) याने आधुनिक नोकरशाहीच्या लक्षणांत लेखी संचिकांना महत्त्वाचे स्थान दिले. अधिकारी बदलला तरी निर्णय व त्याची कारणे कागदावर टिकून राहावीत आणि व्यक्तीच्या लहरीऐवजी नियमाने कारभार चालावा, हा त्यामागील तर्क होता. रॉबर्ट मर्टन याने १९४० मध्ये याची दुसरी बाजू दाखवून दिली. साधन म्हणून केलेला नियम कालांतराने साध्य होऊन बसतो व ज्या हेतूसाठी तो केला त्याचाच विसर पडतो. अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट कॉफमन याने लाल फितीवरील आपल्या ग्रंथात (१९७७) असे प्रतिपादन केले की, एकाला जाच वाटणारी कार्यपद्धती दुसऱ्याला संरक्षण वाटू शकते. हा विचार महाराष्ट्राच्या इतिहासालाही लागू पडतो.

मराठी अमदानीतील दप्तर : मराठी राज्याचा कारभार लेखी कागदांवर चालत असे. चिटणीस, फडणीस, सबनीस, मुजुमदार, दप्तरदार ही पदे या व्यवस्थेचाच भाग होत आणि त्यांपैकी बहुतेक पुढे आडनावे म्हणून टिकली. राजपत्रावर आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब उमटवीत. मोर्तबाच्या मुद्रेमुळे मजकूर तेथे संपला हे निश्चित होई व मागाहून भर घालण्यास वाव राहत नसे. ‘शिक्कामोर्तब होणे’ हा अंतिम मंजुरीचा वाक्प्रचार याच पद्धतीतून आला. एकच कागद अनेक हातांखालून जाण्याचा हेतू खोट्या सनदा रोखण्याचा होता. कालांतराने विलंबाचे कारण ठरलेली ही साखळी मुळात फसवणुकीविरुद्धची तजवीज होती.

पेशव्यांच्या पुणे येथील हुजूर दप्तरात गावांचे हिशेब, सरंजामाचे तपशील, इनामे, वतने व पत्रव्यवहार यांची व्यवस्थित नोंद होत असे. नाना फडणीसाच्या काळात हे दप्तर शिस्तीसाठी प्रसिद्ध होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) ती शिस्त ढासळली. कागद हलवण्यासाठी पैसा मोजण्याची प्रथाही इंग्रजी अमलापूर्वीची आहे. ‘दरबारखर्च’ व ‘अंतस्थ’ हे शब्द अधिकाऱ्यांना उघड वा गुप्तपणे द्यावयाच्या रकमांचे वाचक होते. त्यामुळे दप्तरातील अडवणूक केवळ परक्या राजवटीने आणली, असे म्हणता येत नाही.

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर हे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८९१ च्या सुमारास त्यासाठी पुण्यात स्वतंत्र दगडी इमारत पूर्ण झाली. तेथे हे कागद हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. मराठ्यांच्या इतिहासलेखनास त्यामुळे नवे वळण मिळाले. शतकभर न सुटलेल्या गाठीच येथे इतिहासाच्या रक्षणास कारण झाल्या.

इनाम कमिशन : कागद हाताशी असणे वा नसणे याचा संबंध माणसाच्या उपजीविकेशी कसा पोहोचतो, हे महाराष्ट्राने प्रथम मोठ्या प्रमाणावर इनाम कमिशनच्या काळात अनुभवले. करमुक्त जमिनींवरील हक्कांची चौकशी मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात १८४३ पासून सुरू झाली होती. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला व्यापक अधिकार मिळाले. इनामदाराने आपला हक्क सनदेने वा अन्य पुराव्याने सिद्ध करावा, अशी अपेक्षा होती. अनेकांच्या सनदा पिढ्यानुपिढ्यांच्या वाटण्यांत, लुटीत, आगीत किंवा वाळवीने नष्ट झाल्या होत्या. सरकारच्या हाती मात्र पेशव्यांचे दप्तर होते. त्यामुळे वादी व न्यायाधीश दोन्ही सरकारच, आणि पुराव्याचे रुमालही सरकारच्याच खोलीत, अशी स्थिती झाली. कित्येक इनामे खालसा झाली व त्या असंतोषाचा उल्लेख १८५७ च्या उठावाच्या कारणांत केला जातो. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनीही काही काळ या खात्यात काम केले होते. प्रत्येक प्रकरणाची सविस्तर चौकशी किती काळ चालणार हे ध्यानात आल्यावर सरकारने १८६३ च्या दोन कायद्यांन्वये संक्षिप्त तडजोडीचा मार्ग स्वीकारला. ठराविक आकार भरण्याच्या अटीवर इनामे पुढे चालू ठेवण्यात आली. कागदांच्या छाननीतून निर्माण झालेला गुंता नवी कार्यपद्धती घालून सोडवण्याचे हे एक जुने उदाहरण होय.

इंग्रजी सचिवालय व महसुली दप्तर : ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार हा मूलतः पत्रव्यवहाराचा होता. वाफेच्या जहाजांपूर्वी आफ्रिकेला वळसा घालून पत्र विलायतेस पोहोचण्यास महिनोन्‌महिने लागत आणि उत्तर येण्यास बहुधा वर्ष उलटे. त्यामुळे प्रत्येक निर्णयाची कारणे लिहून ठेवणे भाग होते. मसुदा, टिपणी, शेरा, स्मरणपत्र या क्रमाने वाढत जाणारी संचिका हे या व्यवस्थेचे रूप होते. अंतर घटले व तारायंत्र आले, तरी टिपण्यांचा प्रघात कायम राहिला. लॉर्ड कर्झन (व्हाइसरॉय, १८९९–१९०५) याने खात्याखात्यांतून वर्षानुवर्षे फिरणाऱ्या संचिकांवर कठोर टीका करून टिपणीलेखन आटोपशीर करण्याचा प्रयत्न केला.

ग्रामीण जनतेला ही व्यवस्था भेटली ती मामलेदार कचेरीत. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात या भेटीचे दाहक चित्र उभे केले आहे. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो लिहिणारा कारकून हाच सरकार होतो आणि त्याच्या सोयीने काम पुढे-मागे होते, हे फुले यांच्या विवेचनाचे सार होय. लाल फितीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. साक्षर, सधन व ओळखीपाळखी असलेला मनुष्य फितीची गाठ सोडवून घेतो, तर निरक्षर शेतकऱ्याला कचेरीच्या पायरीवर वाट पहात बसावे लागते.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर शासनाचे कार्यक्षेत्र विस्तारले. शिधापत्रिका, परवाने, अनुदाने, कर्जे, पुनर्वसन, शिष्यवृत्त्या अशा अनेक कारणांनी सामान्य माणसाचा कचेरीशी संबंध वाढला. उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ अन्वये उद्योगांना परवाने घ्यावे लागत. ‘लालफीतशाही’ हा शब्द या काळात राजकीय चर्चेत रुळला. १९६६ मध्ये नेमलेल्या केंद्रीय प्रशासन सुधारणा आयोगाने कार्यपद्धती सुलभ करण्याच्या अनेक शिफारशी केल्या. १९९१ च्या आर्थिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचे बंधन दूर झाले. तथापि जमीन, वारसा, दाखले व पाणी या सामान्य माणसाच्या विषयांतील कचेऱ्या पूर्वीसारख्याच राहिल्या. हिंदीतील श्रीलाल शुक्ल यांच्या राग दरबारी (१९६८) या कादंबरीतील, एका कागदाच्या नकलेसाठी दीर्घकाळ खेटे घालणारे लंगड हे पात्र याच अनुभवाचे प्रतीक ठरले.

महाराष्ट्रात दप्तरसुधारणेचा लक्षणीय प्रयोग १९८० नंतरच्या काही वर्षांत अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात झाला. तेथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी, कामाची वाटणी व अभिलेखांची रचना नव्याने केली. तो ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. प्रशासनात रूढ असलेल्या ‘सहा गठ्ठे’ पद्धतीत कारकुनाजवळच्या कागदांची विभागणी प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवावयाचे व नष्ट करावयाचे अशा गठ्ठ्यांत केली जाते. कोणता कागद कशासाठी थांबला आहे, हे त्यामुळे दिसू लागते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात व अ वर्ग कायम जतन करावयाचा असतो. अनेक कचेऱ्यांत त्या वर्गाचे गठ्ठे लाल कापडात बांधलेले आढळतात. बोलीत विलंबाचे चिन्ह झालेला लाल रंग दप्तरखान्यात कायमच्या जतनाची खूण आहे.

करंजाडे व परिसर : लाल फीत या शब्दामागील प्रत्यक्ष हानिलाभ समजण्यास करंजाडे परिसराचा इतिहास उपयुक्त आहे. मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरून १७ मार्च १९७० रोजी सिडको (शहर व औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाले. ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची सु. ३४४ चौ. किमी. जमीन प्रकल्पाच्या क्षेत्रात आली. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमान्वये अधिसूचना, हरकती, घोषणा, निवाडा व ताबा या क्रमाने संपादन होई. निवाडा झाल्यावर सातबारावरील शेतकऱ्याचे नाव जाऊन शासनाचे नाव लागे. भाताची खाचरे व मिठागरे यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या हाती मोबदल्याची रक्कम व निवाड्याची नक्कल एवढेच राहिले.

अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर संपादित जमिनीच्या १२·५ टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ६ मार्च १९९० च्या शासननिर्णयाने आकारास आली. सामाजिक सुविधा व रस्ते यांसाठी होणारी वजावट धरता प्रत्यक्ष हाती येणारे प्रमाण ८·७५ टक्के होते.

योजना मंजूर झाली, परंतु लाभ पदरात पडण्यासाठी पात्रता कागदांनी सिद्ध करावी लागली. येथे काळाचे गणित प्रतिकूल ठरले. निवाडा आजोबांच्या नावे झालेला, योजना वीस वर्षांनी आलेली आणि अर्जदार नातू, अशी कुटुंबे बरीच होती. निवाड्यातील नाव व सातबारावरील नाव यांत फरक असणे, फेरफार नोंद न झालेली असणे, सामाईक खात्यातील एखादा हिस्सेदार सापडत नसणे ही अडचणींची नेहमीची कारणे होत. मृत खातेदाराच्या वारसांना दिवाणी न्यायालयातून वारसदाखला आणावा लागे. महाराष्ट्रात असा दाखला आजही १८२७ च्या मुंबई विनियम क्रमांक ८ अन्वये, म्हणजे एल्फिन्स्टनच्या अमदानीतील कायद्यान्वये दिला जातो. बहुतांश भूखंडांचे वाटप झाले असले, तरी वारसांचे वाद व न्यायालयीन दावे यांमुळे काही प्रकरणे दीर्घकाळ रेंगाळली. अशा विलंबात अनेक कुटुंबांना आपला भावी हक्क गुंतवणूकदारांना विकण्याचा मोह वा निकड पडली. विलंबाची किंमत त्यांनी भूखंडाच्या रूपाने मोजली.

तथापि वारसदाखल्याची अट ही निव्वळ लालफीतशाही होती, असे म्हणता येणार नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मुलीही वारस ठरतात. गावच्या नोंदींतून मात्र लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे वगळली जाणे सर्रास घडत असे. न्यायालयातील जाहीर नोटिशीमुळे अशा बहिणीला आपला हिस्सा मागण्याची संधी मिळे. भावाच्या बोलण्यात जी लाल फीत होती, तीच बहिणीच्या हक्काची राखण करीत होती. छाननीची अट न्याय्य असूनही तिची मुदत अनिश्चित राहिली, हा या प्रकरणातील खरा दोष होय.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या बाबतीत हेच दुसऱ्या रीतीने दिसून आले. केंद्र शासनाने २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता दिलेल्या या प्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली. या काळातील विलंबाचे वर्णन अनेकदा लालफीतशाही असे झाले. परंतु त्याच छाननीत गाढी नदीचे पात्र वळवू नये, असे ठरले. पनवेल व आसपासच्या सखल वस्त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची होती. विमानतळामुळे विस्थापित झालेल्या दहा गावठाणांसाठी मार्च २०१४ मध्ये २२·५ टक्के विकसित भूखंडांची तरतूद असलेली योजना जाहीर झाली व वडघर-करंजाडे, वहाळ आदी भागांत पुनर्वसन करण्यात आले. विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. करंजाडे येथे एकीकडे सिडकोची वसाहत वाढली, तर दुसरीकडे ग्रामपंचायत टिकून राहिली. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत त्या वेळी या गावाचा समावेश झाला नाही. अशा दुहेरी व्यवस्थेच्या वस्तीत पाणी, कचरा वा रस्ता यांची तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी, हा प्रश्न उद्‌भवतो व टोलवाटोलवी हा शब्द रोजच्या बोलण्यात येतो.

कायदेशीर उपाय : एकविसाव्या शतकाच्या आरंभी विलंबाला मुदतीचे बंधन घालणारे कायदे झाले. महाराष्ट्राच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानंतर २००५ मध्ये केंद्रीय कायदा आला व कचेरीतील कागद पाहण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. सामान्यतः तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक झाले. अण्णा हजारे यांनी आग्रह धरलेला, बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ या नावानेच प्रसिद्ध आहे. बोलीतील शब्दाने कायद्याला नाव मिळण्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. या अधिनियमानुसार कोणतीही संचिका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक प्रलंबित राहता कामा नये. तातडीच्या प्रकरणांना त्याहून कमी मुदत आहे. अन्य विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या प्रकरणी ४५ दिवसांत, तर तशी गरज असल्यास तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. ‘सहा महिने थांब’ या म्हणीला कायद्याने दिलेले हे उत्तर म्हणता येईल. न्यायप्रविष्ट व अर्धन्यायिक प्रकरणे, तसेच महत्त्वाचे धोरणात्मक निर्णय मात्र यातून वगळले आहेत. जमिनीचे बरेच वाद याच अपवादांत मोडतात, ही या तरतुदीची मर्यादा होय. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क, अपिलाची सोय व कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड यांची तरतूद केली.

कागदाकडून संगणकाकडे : २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयास आग लागून काही जणांचा मृत्यू झाला व असंख्य संचिका जळाल्या. त्यानंतर संगणकीय संचिकांच्या व्यवस्थेस गती मिळाली. सातबाराचे उतारेही संगणकावर उपलब्ध झाले. प्रत्यक्ष फीत त्यामुळे अनेक कचेऱ्यांतून हद्दपार झाली, पण वाक्प्रचार टिकून आहे, कारण मंजुरीची वाट पाहणारी संचिका पडद्यावरही अडकू शकते. उलट जुन्या रुमालांचे महत्त्व कमी झालेले नाही. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या मोडी कागदांचे गठ्ठे पुन्हा उघडण्यात आले. मोडी वाचू शकणाऱ्यांची मागणी त्यामुळे एकाएकी वाढली.

मूल्यमापन : लाल फीत या वाक्प्रचारात नागरिकाचा सात्त्विक संताप आहे व तो बहुधा साधार असतो. परंतु इतिहास पाहता फितीचे कार्य दुहेरी आहे. मोर्तबाने खोटा मजकूर रोखला, रुमालांनी मराठ्यांचा इतिहास राखला, वारसदाखल्याच्या अटीने बहिणीचा हिस्सा शाबूत ठेवला. इनाम कमिशनच्या काळात आणि पुढे नवी मुंबईत, ज्याच्याजवळ कागदाखेरीज काहीच उरले नव्हते त्याला कागदाच्या जपणुकीचे मोल आणि विलंबाचा जाच ही दोन्ही सारख्याच तीव्रतेने जाणवली. त्यामुळे प्रत्येक फीत तोडणे हा सुधारणेचा मार्ग ठरत नाही. गाठ कोणी बांधली, कशासाठी बांधली व ती किती दिवसांत सोडावयाची, हे ज्या कारभारात अर्जदाराला आधी सांगितले जाते, त्यात फीत पुराव्याची राखणदार राहते. जेथे हे सांगितले जात नाही, तेथे ती अडवणुकीचे साधन होते. आजोबांच्या निवाड्याची नक्कल घेऊन कचेरीत उभ्या असलेल्या नातवाच्या दृष्टीने हा भेद एका पिढीच्या आयुष्याएवढा मोठा आहे.